मोहिनीच्या पावलांवर

नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या चित्रपटात एक नाच होता. १९१३च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, लोकांनी तो उचलून धरला, आणि त्याच वर्षी दादासाहेब फाळके कॅमेरा, कुटुंब आणि नटमंडळींसह नाशिकला आले. इथे त्यांनी केलेला पहिला चित्रपट ‘मोहिनी भस्मासूर’. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला मोहिनी. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी.

कथा आपल्याला पाठ आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल, असा वर मिळालेला राक्षस मोहिनीवर भाळतो. ती अट घालते, मी नाचते तसं नाचून दाखव. ती गिरकी घेते, तोही घेतो. ती कमरेवर हात ठेवते, तोही ठेवतो. शेवटी ती आपल्याच डोक्यावर हात ठेवते आणि तोही ठेवतो. पुढे राख.

मला ही गोष्ट रॉमकॉमवरचा आपल्याकडचा सगळ्यात जुना समीक्षालेख वाटते. प्रेमात पडलेला एकजण दुसऱ्याची पावलं गिरवतो, पाहणाऱ्याला हसू येतं, आणि गिरवणं फार चोख झालं की गिरवणारा जळून जातो. आज जुन्या चित्रपटांना सलाम ठोकणाऱ्या रोमँटिक कॉमेड्यांची रांग लागली आहे. नायक जुन्या नायकासारखे हात पसरतो, नायिका जुन्या नायिकेसारखी शिफॉनची साडी उडवते, मागे जुनं गाणं नव्या ठेक्यावर वाजतं आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. यातल्या काही चित्रपटांनी मला मनापासून आनंद दिला आहे आणि बऱ्याच जणांनी फक्त तिकिटाचे पैसे नेले आहेत. हा फरक कुठून येतो, ते नीट पाहायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं : प्रेमाची भाषा आपण सगळेच उसनी आणतो. जो चित्रपट हे उसनं उघड कबूल करतो आणि मग स्वतःच्या पदरचं काही त्यात घालतो, तो गोड लागतो. जो उसनं आणलेलंच आपलं म्हणून मिरवतो, त्याचा भस्मासूर होतो.

एकाच जुन्या चित्रपटाच्या दोन वारसदारांकडे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. लिओ मॅकेरी या अमेरिकन दिग्दर्शकाने १९३९ साली ‘लव्ह अफेअर’ काढला आणि १९५७ साली स्वतःच तो पुन्हा काढला, ‘अ‍ॅन अफेअर टु रिमेंबर’ या नावाने. बोटीवर भेटलेले दोघे काही महिन्यांनी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर भेटायचं ठरवतात. तो वाट पाहत राहतो. ती येता येता अपघातात सापडते. १९९९ साली आपल्याकडे ‘मन’ आला. बोट तीच, वायदा तोच, अपघात तोच. आमिर खान आणि मनीषा कोईराला ठरलेली पावलं टाकत शेवटपर्यंत गेले. त्याच्या सहा वर्षं आधी नोरा एफ्रनने ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’ केला होता. त्यात कथा पूर्ण वेगळी आहे. पण त्यातली नायिका मैत्रिणीबरोबर सोफ्यावर बसून तोच १९५७ चा चित्रपट पाहते आणि घळाघळा रडते. मैत्रीण तिला सुनावते की तुला प्रेम करायचं नाहीये, तुला सिनेमातलं प्रेम करायचं आहे. पुढे नायिका एम्पायर स्टेटच्या माथ्यावर जाते खरी, पण आपण कोणाचं अनुकरण करतोय हे तिलाही माहीत असतं आणि आपल्यालाही. त्यामुळे लिफ्ट वर जात असताना छातीत जे धडधडतं त्यात जुन्या चित्रपटाचा अपघात मिसळलेला असतो. या वेळी तरी भेट होऊ दे, असं आपण मनात म्हणतो. ‘मन’मध्ये जुना चित्रपट झाकून ठेवला होता. इथे तो कथेतलं एक पात्रच होऊन बसला.

आता कोणी विचारील, हे अमेरिकेचं झालं, आपल्याला त्याचं काय? आपल्याला तर त्याचं जास्तच आहे. आपल्या घरांत प्रेम हा शब्द आई-बाबांनी एकमेकांसमोर उच्चारल्याचं किती जणांना आठवतं? ‘अहो’ आणि ‘अगं’ यांच्यात संसार झाले. जे बोलायचं ते गाण्यांनी बोलून टाकलं. भेंड्यांच्या खेळात ‘म’ आला की एखाद्या मुलाने ठरावीकच गाणं म्हणायचं आणि पलीकडच्या मुलीने ते कोणासाठी आहे हे समजून मान खाली घालायची, ही आपली पत्रव्यवहाराची पद्धत. नाशिकमध्ये सर्कल, दामोदर, मधुकर, विजयानंद या थिएटरांच्या नावांना जुन्या पिढीत अजून एक मऊ स्वर लागतो, कारण तिथे पिक्चरइतकंच शेजारच्या रांगेतही बरंच काही घडत होतं. मामेभाऊ पहारेकरी म्हणून बरोबर यायचा आणि त्याला इंटरव्हलमध्ये वडा-पाव आणायला पाठवलं जायचं. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरायला निघालेल्या जोडप्याकडे बोलायला स्वतःचे शब्द नसायचे. आदल्या रविवारी पाहिलेल्या पिक्चरचे असायचे.

म्हणून जुन्या चित्रपटाला सलाम करणारी रॉमकॉम ही फक्त सिनेमावेड्यांची आपसातली खूण नसते. आपण प्रेम करायला कुठे शिकलो याची ती कबुली असते. प्रेमकथेइतकी ही कबुली दुसऱ्या कुठल्या प्रकाराला शोभत नाही. मारधाडपटात नायकाने जुन्या नायकासारखा ठोसा मारला तर टाळी पडते आणि विषय संपतो. प्रेमात मात्र प्रश्न उभा राहतो : हा जे म्हणतोय ते याचं स्वतःचं आहे का?

बासू चटर्जींच्या ‘छोटी सी बात’मध्ये हा प्रश्न एका गाण्यात मावला आहे. अमोल पालेकरांचा अरुण हा मुंबईतला बुजरा नोकरदार. बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या प्रभाकडे चोरून पाहण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. एके दिवशी तो थिएटरात बसलेला असतो. पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमा मालिनी गाणं म्हणत असतात. बघता बघता पडद्यावरचे धर्मेंद्र-हेमा जातात आणि त्यांच्या जागी अरुण आणि प्रभा येतात. हसू येतं, कारण पालेकरांचे खांदे धर्मेंद्रच्या जागेत मावत नाहीत, उलट त्या जागेत हरवून जातात. शर्ट तसाच इस्त्रीचा, चेहरा तसाच सरळमार्गी, आणि हावभाव मात्र नायकाचे. पण त्या हसण्यात कुचेष्टा नाही. अंधारात बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी हेच केलेलं असतं. गंमत अशी की या चित्रपटाचा कणा ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६०च्या इंग्रजी चित्रपटावरून उचललेला आहे. बुजऱ्या माणसाला डावपेच शिकवणारा गुरू तिथलाच. बासूदांनी त्याला खंडाळ्यात राहणारा कर्नल केलं आणि अशोक कुमारांच्या हाती दिलं. पण चित्रपट आठवतो तो या कण्यामुळे नाही. अरुण थिएटरात बसून जे करतो त्यामुळे आठवतो. उचललेलं विसरलं गेलं आणि सलाम राहिला.

मराठी सिनेमाला ही जाण फार लवकर आली होती. १९३९ साली प्रभातच्या ‘माणूस’मध्ये व्ही. शांतारामांनी शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्यासमोर बॉम्बे टॉकीजच्या धाटणीच्या प्रेमदृश्याची थट्टा उडवली. पोलीस हवालदार आणि वेश्यावस्तीतली मैना, यांचं प्रेम काही बागेत गाणी म्हणून सुटणारं नव्हतं. ही थट्टा त्यासाठी होती. सिनेमातलं प्रेम असं दिसतं आणि आपलं असं, हे अंतर दाखवायला शांतारामांनी दुसऱ्याचा सिनेमा वापरला. पुढे १९५२ साली राजा परांजप्यांनी ‘लाखाची गोष्ट’ केला. मुलीच्या बापाने भावी जावयाला एक लाख रुपये महिन्याभरात उडवायला सांगायचे, ही त्यातली कल्पना आज कोणी नवी म्हणून खपवली तर खपून जाईल. त्यातले नायक राजा गोसावी त्या काळात पुण्याच्या भानुविलासमध्ये तिकीटविक्री करत आणि आपण नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटं त्यांनी स्वतः विकली, अशी आठवण सांगितली जाते. नायक पडद्यावरही आणि खिडकीतही. मराठी रॉमकॉमचा स्वभाव मला त्या आठवणीत सापडतो. आपला नायक पडद्यावर गेला तरी खिडकीतून पूर्ण उठत नाही.

म्हणूनच आपल्याकडे सरळ सरळ रिमेक झालेले चित्रपटही कधी कधी भस्मासूर होण्यातून वाचतात. महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ (१९८५) हा १९६४च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटाचा नातू. मधली पिढी म्हणजे १९६६चा ‘प्यार किये जा’. त्यात सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेला मुलगा पैसेवाल्या बापाला आपल्या चित्रपटाची भीतिदायक गोष्ट ऐकवतो, तो प्रसंग तिन्ही चित्रपटांत आहे. हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी तो अजरामर करून ठेवला होता. तोच पुन्हा करायचा म्हणजे विस्तवाशी खेळ. पण लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर समोरासमोर बसतात तेव्हा मेहमूद आठवायला सवड मिळत नाही. तळवलकरांच्या चेहऱ्यावर जी भीती पसरते ती मराठी मध्यमवर्गीय बापाची भीती आहे : भुताची थोडी, आणि पोरगं पैसे मागणार याची जास्त. पावलं तीच होती. पाय मात्र इथले होते.

‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८) कथा तर आणखी मागे जाते. ती हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) आली, आणि तो चित्रपट एका बंगाली चित्रपटावरून. मूळ चित्रपट आज कोणाला आठवत नाहीत. ‘बनवाबनवी’ मात्र दर दिवाळीला, दर लग्नघरात, टीव्हीवर लागला की उठवत नाही. घर मिळावं म्हणून दोन पुरुष बायका होतात, त्यातून प्रेमाची सगळी भानगड होते. हा चित्रपट कोणाला सलाम करतो? मुखर्जींना नव्हे. माझ्या मते तो सलाम करतो ते साडी नेसलेल्या मराठी पुरुषाला.

हा पुरुष आपल्या करमणुकीच्या पायातच आहे. नाशिककरांना ‘शारदा’ नाटक म्हटलं की विजयानंद थिएटर आणि १९०९ साली तिथे झालेला कलेक्टर जॅक्सनचा वध आठवतो. पण त्या रात्री मंचावरची शारदाही पुरुषच होता, हे कोणी म्हणत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर काही वर्षांतच फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंखे तारामती झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळात एक जलक्रीडेचा प्रसंग आहे. तारामती आणि तिच्या सख्या हौदात आहेत, ओल्या साड्यांत, आणि राजा धावत येतो. हौदातले सगळे पुरुष. गंभीर पौराणिक चित्रपटात, कोणाच्या मनात नसताना, भारतीय सिनेमाची पहिली प्रेमविनोदी चौकट अशी तयार झाली. हेच साळुंखे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. म्हणजे विरहही त्यांचाच आणि मीलनही त्यांचंच. ‘बनवाबनवी’त बाई झालेल्या लक्ष्मीकांतची पार्वती पदर सावरते तेव्हा साळुंख्यांपासून बालगंधर्वांपर्यंतची सगळी रांग तिच्यामागे उभी असते. फरक इतकाच, की बालगंधर्वांची नक्कल बायका करायच्या आणि पार्वतीची नक्कल आपण करतो. सलाम करणाऱ्याला आपण कोणाला सलाम करतोय हे ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. कधी ते अंगातच असतं.

इथपर्यंत आल्यावर मला जे म्हणायचं आहे ते म्हणून टाकतो. जुन्या चित्रपटाला वंदन करणारी मराठीतली सगळ्यात सुंदर प्रेमविनोदिका ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आहे. परेश मोकाशींचा हा २००९चा चित्रपट चरित्रपट म्हणून ओळखला जातो, भारतातर्फे तो ऑस्करला गेला म्हणून आठवला जातो, आणि त्यातली प्रेमकथा नजरेतून सुटते. कारण ती लग्न झालेल्या जोडप्याची आहे. आपल्याला प्रेमकथा म्हटलं की मुलगा-मुलगी लागतात, अडवणारा बाप लागतो. इथे नवरा-बायको आहेत आणि त्यांच्यात आलेली तिसरी व्यक्ती म्हणजे सिनेमा.

खरी गोष्ट अशी. गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभे राहिले, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. तो चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा सरस्वतीबाई बरोबर होत्या. म्हणजे भारतीय चित्रपटाची सुरुवातच एका परक्या चित्रपटाला दिलेल्या उत्तरातून झाली, आणि ते उत्तर आकार घेऊ लागलं तेव्हा शेजारी बायको होती. पुढे तिने दागिने दिले, अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभी राहिली आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला.

मोकाशी यातलं काहीही रडवेलं करत नाहीत. नंदू माधवांचे फाळके घरातली एकेक वस्तू विकायला काढतात, विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई रिकाम्या होत जाणाऱ्या भिंतींकडे पाहतात आणि तोंडातून तक्रार निघायच्या ऐवजी चौकशी निघते : मग पुढे काय? कॅमेरा लांब उभा राहतो, माणसं चौकटीत आत-बाहेर लगबगीने ये-जा करतात, आणि आनंद मोडकांचं संगीत मूकपटाच्या पियानोवाल्यासारखं त्यांना ढकलत राहतं. साडी नेसायचा सराव करणारे मिशाळ नट घरकाम करत वावरतात तो प्रसंग आठवून पाहा. त्यात पुरुषांना हसणं आहे, बायकांच्या कामाचा हिशेब आहे आणि साळुंख्यांना सलाम आहे. तीन गोष्टी एका खोलीत.

याला रॉमकॉम म्हणता येईल का, हा आक्षेप मला मान्य नाही. रॉमकॉमची खूण एकच : दोघांना एकमेकांमुळे हसू येतं का, आणि त्या हसण्याने त्यांचं काही बदलतं का. इथे दोन्ही होतं. नवऱ्याचं वेड बायको आपलं करते. हरिश्चंद्राच्या कथेत राजा सत्यासाठी बायको-मुलाला विकतो. फॅक्टरीतला हरिश्चंद्र घरातलं सगळं विकतो, फक्त बायकोला विकत नाही, तिला भागीदार करतो. जुन्या कथेला एवढं मोठं प्रत्युत्तर इतक्या हळू आवाजात क्वचित दिलं गेलं असेल. पुढे याच मोकाशींनी ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७) केला. मुलगी प्राण्यांसाठी झपाटलेली, मुलगा सौरऊर्जेसाठी. दोन वेडी माणसं एका घरात राहू शकतात का, हा प्रश्न तोच आहे. फाळके-सरस्वतीबाईंचीच ही नवी पिढी म्हणायची.

पण या प्रकारावरचे दोन आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप बाजाराचा. जुनं गाणं, जुनी पोझ, जुना संवाद हे सगळं आयतं भांडवल आहे. प्रेक्षकाच्या मनात आधीच साठलेली भावना नवा चित्रपट फुकट वापरतो. हे बहुतेक वेळा खरं असतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ पासून मुंबईच्या मराठा मंदिरात ठाण मांडून बसला, आणि त्याच्या रेल्वेच्या दारात उभं राहून नंतर किती चित्रपटांनी हात पुढे केले याची गणती नाही. यातल्या बहुतेकांत तो हात कशासाठी पुढे केला हे चित्रपटालाच माहीत नसतं. उलट ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’मध्ये (२०२३) स्मृती हरवलेला म्हातारा जुन्या गाण्याने जागा होतो, आणि त्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रेमामुळे नातवंडांची गाठ पडते. चित्रपट बाकी कितीही भपकेबाज असो, गाणं तिथे सजावट म्हणून आलेलं नाही, ते गोष्ट पुढे नेतं. माझी कसोटी साधी आहे. ते जुनं गाणं काढून टाका. गोष्ट तशीच उभी राहिली तर तो सलाम नव्हता, तोरण होतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. जुन्या चित्रपटांचा गोडवा उसना घेताना त्यांचं मौनही उसनं येतं. जुन्या प्रेमकथांत श्रीमंत-गरीब होते, जात नव्हती. किंवा ती होती, पण सगळी पात्रं एकाच आडनावांच्या गल्लीतली असल्यामुळे बोलायची वेळच यायची नाही. आजची रॉमकॉम तोच वाडा, तोच झोपाळा, तीच पैठणी घेऊन आली आणि काहीच विचारलं नाही, तर ती कितीही हसवो, तिने जुन्या चित्रपटाची चूक पुन्हा केली.

नागराज मंजुळेंनी हे ओळखून जुन्या सिनेमाचा गोडवा सापळ्यासारखा लावला. ‘सैराट’चा (२०१६) पहिला अर्धा भाग आठवा. विहिरीतली उडी, मैदानावरचं क्रिकेट, चिठ्ठ्या, मित्रांची फिरकी, संथ गतीत धावणारा परशा, आणि त्याच्यामागे अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केलेला मोठा वाद्यवृंद. हिंदी सिनेमाने पन्नास वर्षांत प्रेमाचे जेवढे अलंकार घडवले ते सगळे करमाळ्याकडच्या एका मासेमाराच्या पोराच्या अंगावर चढवले. त्याला ते शोभले, आणि ते शोभतात हेच त्या भागाचं राजकारण. मग मध्यंतरानंतर एकेक अलंकार उतरत जातो. शेवटी आवाजसुद्धा काढून घेतला जातो आणि फरशीवर लहान पावलं उमटतात. ज्यांनी आधीच्या तासाभरात जुन्या प्रेमपटांची आठवण काढून टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्याच हातांना त्या पावलांनी गप्प केलं. हा मला आपल्या सिनेमातला सगळ्यात धारदार सलाम वाटतो, कारण वाकून सरळ उभं राहताना त्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ (२०२३) हेच काम हसत हसत करतो. शाळकरी मुलाच्या एकतर्फी प्रेमात देशाचा आणि जातीचा इतिहास लुडबुड करत राहतो. म्हणजे गोडवा ठेवून मौन सोडता येतं. जमत नाही असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

सलामाची सगळ्यात निर्मळ जात पाहायची तर नाशिकहून शंभरेक किलोमीटरवर मालेगावला जावं लागतं. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारची सुट्टी, आणि त्या सुट्टीला सिनेमावाचून दुसरा अर्थ नाही. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी चार पैसे आणि पुष्कळ मित्र जमवून ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला आणि मागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन झाला. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला आणि अलीकडे रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट. हे रॉमकॉम नव्हेत, विडंबनं आहेत, हे मान्य. पण प्रेमकथा त्यातही आहे. फक्त प्रेयसी म्हणजे सिनेमा. घोडा परवडत नाही तर सायकल आणू, पण ‘शोले’ होईलच, या हट्टाला प्रेमाशिवाय दुसरं नाव नाही. त्या सायकलींकडे पाहून हसू येतं तेव्हा आपण मालेगावला हसत नसतो आणि ‘शोले’लाही नाही. त्या दोघांच्या मधल्या अंतराला हसतो, आणि ते अंतर कोणी लपवलेलं नसतं.

या न लपवण्यातच सगळी गंमत आहे. भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) लागल्याला सात दशकं उलटली, तरी वरातीत कोणी हात हलके हलवत, पाय जेमतेम उचलत नाचू लागला की लोक म्हणतात, भगवानदादा! तो नाचणारा भगवानदादा होऊ पाहत नाही. तो स्वतःच्या पोटासकट, घामासकट, उसन्या जोधपुरीसकट नाचतो. जगात एवढी नक्कल झालेला नाच दुसरा नसेल, आणि तरी त्यात कोणी जळलं नाही. भस्मासुराला मोहिनी हवी होती, म्हणून तो मोहिनी होऊ पाहत होता. वरातीतल्या काकांना फक्त नाचायचं असतं.

आपल्या सिनेमाच्या जनकालाही जुनी पावलं पुन्हा गिरवायची भूल पडली होती की काय, असं एका गोष्टीवरून वाटतं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रती झिजल्या तेव्हा फाळक्यांनी १९१७ साली तो चित्रपट पुन्हा चित्रित केला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते ती १९१३ ची नसून या पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत. तसं असेल तर भारताचा पहिला चित्रपट म्हणून आपण जो पाहतो तोच मुळात एका जुन्या चित्रपटाला केलेला सलाम आहे. मला यात काही वावगं दिसत नाही. मूळ हरवलं तरी प्रेम करणाऱ्याने ते पुन्हा उभं केलं, एवढंच.

आता वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादी नवी रॉमकॉम जुन्या चित्रपटाचं नाव घेऊन आली, तर ती पाहून घरी आल्यावर त्याच आठवड्यात तो जुना चित्रपट पाहा. मुलांना बरोबर बसवा, आणि शक्य असेल तर आई-वडिलांनाही. जुना पाहून नवा फिका पडला, तर ती नक्कल होती. जुना पाहिल्यावर नवाही पुन्हा पाहावासा वाटला, तर तो सलाम होता, आणि तुमचे पैसे वसूल झाले. ‘मोहिनी भस्मासूर’च्या बाबतीत मात्र ही परीक्षा घेता येत नाही. नाशिकमध्ये नाचलेल्या त्या पहिल्या मोहिनीची रिळं आज उरलेली नाहीत.